दोन राज्यांची बाहुली

उत्पला सोनकांबळेला एकोणऐंशी म्हणजे किती, हे दुपारच्या जेवणानंतर कळलं. सकाळी कळलं असतं तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं. कारण सकाळी ती एका राज्यात असायची आणि जेवणानंतर दुसऱ्या.

त्यासाठी तिला प्रवास करावा लागत नसे. सावरगुडा हे डोंगरावरचं गाव दोन राज्यांच्या सीमेवर होतं आणि ते आपलंच आहे असं दोन्ही राज्यं सांगत. खटला कुठल्या तरी कोर्टात पडून होता. तोवर गावाला सगळं दोन-दोन मिळत होतं. दोन सरपंच, दोन रेशनकार्डं, दोनदा मतदान. रस्ता मात्र एकाही सरकारनं दिला नव्हता, कारण तो दुसऱ्यानं करावा असं दोघांनाही वाटे. शाळाही दोन होत्या. हातपंपाच्या अलीकडं मराठी, पलीकडं तेलुगू. मुलं सकाळी मराठी शाळेत बसत, तिथली खिचडी खात, आणि तेच दप्तर पाठीला लावून दुपारी तेलुगू शाळेत जात. तिथं अंडं मिळायचं.

मराठी शाळेत तिसरीला शिकवणारे सुमेध सोनकांबळे हे उत्पलाचे वडील, आणि तेलुगू शाळेतल्या सुजाता टीचर ही तिची आई. सुजाताचं माहेर डोंगराच्या पलीकडचं. घरात मराठी, शाळेत तेलुगू, अशीच ती वाढलेली. "सोनकांबळ्याच्या घरात दोन राज्यांची बैठक रोज चुलीपुढं बसते," असं गावातले लोक म्हणत आणि हसत. नऊ वर्षांच्या उत्पलाला सगळे उप्पी म्हणायचे. सकाळी ती बापाला 'सर' म्हणे, दुपारी आईला 'टीचर', आणि संध्याकाळी दोघांना एकदमच 'भूक लागली' म्हणे.

त्या दिवशी सकाळी सुमेधनं एकोणऐंशी लिहायला सांगितलं आणि उप्पीनं पाटीवर ८१ लिहिलं. एक आणि ऐंशी, मग एक्क्याऐंशीच की! "अगं, एकोण म्हणजे एक कमी," सुमेध म्हणाला. मराठी आकड्यांची ही चाल मोठ्यांना सवयीनं कळते, पण शिकणाऱ्याच्या पायात ती पाय घालते. उप्पी डोळे ताणून पाटीकडं बघत राहिली, आणि घंटा झाली. दुपारी सुजाताच्या वर्गात 'डेब्बै तोम्मिदि' आलं. सत्तर आणि नऊ. तशी उप्पी बाकावरून उठलीच. "हां! ऐंशीला एक कमी! तेच की गं हे!"

छताला लावलेल्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकला.

या यंत्राचं सरकारी नाव आकलनमापक. दोन्ही शाळांत ते बसवायला एक ताई आली होती. मुलांनी त्याला टकमक्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं. त्यामागचं शास्त्र सोपं होतं. माणूस अवघड गोष्टीशी झुंजू लागला की त्याच्या डोळ्यातली बाहुली केसभर मोठी होते, भोवतीचा उजेड तेवढाच असला तरीही. कोडं सुटलं की ती पुन्हा लहान होते. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. नवीन एवढंच, की छतावरचा एक स्वस्त कॅमेरा आता वर्गातल्या प्रत्येक डोळ्यातली बाहुली एकाच वेळी मोजू शकत होता आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा परिणाम त्यातून वजा करू शकत होता. बाहुली मोठी झाली की 'चढ', लहान झाली की 'उतार'. चढ आणि उतार मिळून एक 'उमज', आणि ती जिथं उतार आला त्या शाळेच्या नावावर. चढ आला आणि उतार आलाच नाही, तर पोराला कळलेलं नाही. चढच आला नाही, तर ते आधीच येत होतं किंवा पोरगं झोपलंय.

इतकी वर्षं राज्यांच्या शिक्षणाची तुलना व्हायची ती किती वर्गखोल्या बांधल्या, किती शिक्षक नेमले, कोणतं धोरण कोणत्या तारखेला जाहीर केलं, यावरून. कागद रंगवण्यात सगळीच राज्यं हुशार, त्यामुळे गुण सगळ्यांनाच बरे मिळत. टकमक्या आला आणि कागद संपले. राज्यातल्या उमजांची बेरीज दर आठवड्याला व्हायची आणि तिच्यावरून क्रमांक लागायचा. वर्तमानपत्रं तो पहिल्या पानावर छापत. त्याच्यावरून मंत्री बदलले जात.

त्यावर तक्रार झालीच. एका राज्यात शहरं जास्त, दुसऱ्यात डोंगर जास्त, एकीकडं पोरं उपाशी येतात, दुसरीकडं गाडीतून. मग तुलना कसली करता? तक्रार रास्त होती. त्यावर हे क्रमांक काढणाऱ्या मंडळींपैकी कुणाला तरी सावरगुड्यासारख्या गावांची आठवण झाली. इथं मूल तेच, आई तीच, भाकर तीच, डोळे तेच. बदलतं ते फक्त राज्य! यापेक्षा चोख तराजू कुठं मिळणार? या मुलांना 'सामायिक विद्यार्थी' असं नाव मिळालं, आणि शेजारच्या दोन राज्यांत वरचं कोणतं हे त्यांच्या डोळ्यांवरून ठरवायचं असा निर्णय झाला.

मुलांना एवढं महत्त्व आलं की त्यांचं काहीतरी वाईट होतंच. पाठोपाठ दुसरा निर्णय आला. सत्राच्या शेवटी सामायिक गावात ज्या शाळेची उमज कमी भरेल, ती शाळा बंद. एका मुलाला एकच राज्य. बंद पडलेल्या शाळेच्या शिक्षकाची बदली राज्यात जिथं जागा असेल तिथं.

"म्हणजे आपल्यापैकी एक जण जाणार," सुजाता निर्णय कळला त्या संध्याकाळी म्हणाली होती. सुमेधनं "बघू की," म्हणून विषय टाळला होता. उप्पी तेव्हा उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती.

एकोणऐंशीच्या त्या प्रकारानंतर केंद्रप्रमुख बोबाटे साहेब मोटरसायकल ढकलत डोंगर चढून आले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. वरचे त्यांना फोन करत आणि ते खालच्यांना.

"सोनकांबळे सर, हे काऊन असं हून रायलं?" त्यांनी टॅबलेट पुढं धरला. "चढ सारे आपल्या वर्गात अन् उतार सारे त्यायच्यात! मेहनत आपली अन् नाव त्यायचं. पाहा बरं, ही तुमचीच पोरगी हाये."

"सर, पोरगी इकडं विचार करायला लागती आणि तिकडं तिला सुटतंय. असं होतंच की. शिकणं म्हणजे—"

"ते मले नका सांगू. मले समजते. मशीनले समजत नाही." बोबाटेंनी घाम पुसला. "तुम्ही असं करा. लहान लहान घास द्या. इथंच चढला पायजे अन् इथंच उतरला पायजे. अर्धवट प्रश्न डोक्यात घेऊन एकही पोट्टं शाळेबाहेर जाता कामा नये. अन् जड काही काढूच नका सत्रभर. शाळा गेली ना, तर पहिली बदली तुमची, अन् मंग माहीच."

सुमेधला हे पटलं नाही, पण त्यानं केलं. भागाकार पुढं ढकलला. कोडी बंद केली. तीनदा विचार करावा लागेल असं काही फळ्यावर लिहायचं नाही, असं त्यानं स्वतःलाच बजावलं. घंटेच्या आधी पंधरा मिनिटं तो फक्त येत असलेलंच विचारायचा. टकमक्याचा हिरवा दिवा लुकलुकत राहायचा, पण सुमेधला शिकवण्यात जे आवडायचं नेमकं तेच त्यानं बंद केलेलं होतं.

पलीकडच्या शाळेतही हेच चाललं असणार, हे त्याला ठाऊक होतं. कारण मध्यंतरी वारं फिरलं. सुजातानं अपूर्णांक पुस्तकातल्या शब्दांत शिकवले, तेव्हा पोरं नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेध बोलता बोलता 'पाऊण भाकरी' म्हणून गेला आणि सगळ्या वर्गाला एकदम उमज पडली. दिवा असा काही चमकला की बोबाटे साहेबांचा अभिनंदनाचा फोन आला. त्या संध्याकाळी सुजातानं ताटं आदळतच वाढली. तिलाही तिकडून फोन आला होता, तो अभिनंदनाचा नव्हता.

पूर्वी जेवताना ती दोघं वर्गातल्या गमती सांगत. आता दोघंही आपापल्या ताटात बघून जेवू लागली. आज काय घेतलं हे सांगितलं, तर दुसरा उद्या त्याच्यावर उतार काढेल! नवरा-बायकोत असं गुपित नसावं, पण आलं. आणि एक दिवस सुमेधनं उप्पीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मम्मीनं काय शिकवलं गं आज?"

"सांगू नको म्हणली मम्मी," उप्पी म्हणाली. "तुम्ही काय शिकवलं ते पण सांगायचं नाही, असं तुम्हीच म्हणला होता."

सुमेधला ओशाळल्यासारखं झालं. तरी भीती माणसाला पुढंच ढकलते. सत्राची शेवटची मोजणी जवळ आली, तेव्हा तो अजून एक पायरी उतरला. सकाळच्या वर्गात गुणाकाराचं एक उदाहरण पोरांना सुटता सुटत नव्हतं आणि खिचडीचा वास यायला लागला होता. पोरं रांगेत उभी असताना त्यानं उप्पीला कोपऱ्यात घेतलं.

"दुपारी तिकडं जाऊ नको आज. पोट दुखायलंय म्हण."

"पण दुखत नाही."

"म्हणायचं फक्त. एक दिवस."

उप्पी घरी येऊन गोधडीवर पडून राहिली. सुजाता शाळा सोडून धावत आली, तिच्या पोटाला हात लावला, ओवा चावायला दिला. पोरीला खोटं धड बोलता येत नव्हतं. ओवा तोंडात घोळवत तिनं सगळं सांगून टाकलं.

सुमेध घरी आला तेव्हा सुजाता दारातच उभी होती.

"पोरीला आजारी पाडलं तुम्ही? आकड्यासाठी?"

"तू तरी काय करायलीस? परवा माझं अर्धं उदाहरण तूच पुरं करून दिलंस ना पोरांना?"

"हाव, दिलं! त्यांना येईना म्हणून दिलं. शिकवलं! तुमच्या वहीत कुणाचं नाव पडतंय ते बघून शिकवायचं का मी?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मला जायचं नाही हो इथून. आणि तुम्ही गेलेलं पण मला चालणार नाही. मग मी काय करू, सांगा ना."

 सुमेधला तिच्याइतकीच भीती वाटत होती आणि तिच्याइतकीच लाजही. उप्पी आतून सगळं ऐकत होती. भिंत कुडाची होती, त्यामुळे ऐकण्यासाठी कान लावायची गरज नव्हती.

त्यानंतर एक चमत्कार झाला. दोन्ही शाळांचे आकडे सारखे यायला लागले.

पहिल्या आठवड्यात जवळजवळ सारखे, पुढच्यात अगदी सारखे. दिवसाचं बघितलं तर कधी मराठी शाळा वर, कधी तेलुगू, पण आठवड्याची बेरीज तंतोतंत. बोबाटे साहेब डोंगर चढून पेढे घेऊन आले. तिकडचे साहेबही आले. सत्र संपताना सावरगुड्यात दोन्ही राज्यं बरोबरीत ठरली, आणि बरोबरीत कोणतीच शाळा बंद करता येत नव्हती. दोन्ही सरकारांनी आपापल्या भाषेत जाहिरात दिली, की सीमाभागातलं आमचं शिक्षण शेजाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नाही. दोन्ही जाहिरातींत उप्पीचाच फोटो होता. एकात तिच्या मागं मराठी फळा होता आणि दुसऱ्यात तेलुगू.

गावानं आनंद केला. सुजाता बऱ्याच दिवसांनी जेवताना हसली. सुमेधही हसला, पण त्याच्या मनात कुठंतरी खुटखुटत राहिलं. पोरांच्या डोक्यातला प्रकाश असा मापात पडत नाही, हे शिकवणाऱ्याला कळतं. कधी महिनाभर काही पडत नाही आणि मग एका सकाळी सगळंच उजळतं. इथं तर वाण्याच्या तागडीसारखं चाललं होतं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तो लक्ष ठेवू लागला. एका सकाळी त्यानं बारा आंब्यांचा पाऊण भाग विचारला आणि रांगांमधून फिरत उप्पीच्या मागं येऊन थांबला. तिनं पाटीवर ९ लिहिलं. बरोबर! आणि लगेच तळहातानं पुसून टाकलं. मग ती समोर टक लावून बसली. सुमेधनं टॅबलेटकडं बघितलं. उप्पीच्या नावापुढं चढ होता आणि उतार नव्हता. यंत्राच्या लेखी पोरीला काही कळलेलं नव्हतं. त्यानं शेजारच्या पाट्या बघितल्या. त्यांवरही ओला तळहात फिरलेला होता.

सुट्टीत त्यानं तिला हातपंपापाशी गाठलं.

"उत्तर आलं होतं ना तुला? पुसलं कामून?"

उप्पीनं पंपाच्या दांड्याशी चाळा केला. "आज तुमच्यात नाही समजायचं, पप्पा. आज मम्मीचा वार आहे."

"काय?"

"ती मशीन बसवणारी ताई म्हणली होती ना, अंधारात बाहुली मोठी होती आणि उजेडात बारीक? आम्ही करून बघितलं. नुसतं मनात आणलं तरी होतंय. विहिरीत वाकून बघितल्यासारखं मनात आणायचं. काळंकाळं. मग मोठीच राहती. आणि समजल्याचं दाखवायचं असलं की सूर्याकडं बघितल्यासारखं करायचं. लगेच दिवा लागतो."

 हे खरं असू शकतं, हे सुमेधला ठाऊक होतं. मनात आणलेल्या अंधारानंही बाहुली फैलावते असं त्यानं प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत कुठंतरी वाचलं होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं की लहान मुलांना हे जमण्याची शक्यता नाही. पुस्तिका लिहिणाऱ्यानं सावरगुड्याची पोरं बघितली नव्हती.

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळे. इथं पंपावर ठरवतो, आज कुणाच्यात किती जणांनी समजायचं ते. जास्त झालं की दुसऱ्या दिवशी कमी करतो." तिनं बापाकडं बघितलं. आपण काहीतरी चांगलं केलंय आणि ते आता उघडं पडलंय, असा चेहरा होता तिचा. "मग कुणालाच जावं लागत नाही."

सुमेधला तिला उचलून घ्यावंसं वाटलं आणि ओरडून रडावंसंही वाटलं. त्यानं यातलं काहीच केलं नाही. घंटा झाली आणि उप्पी पंप ओलांडून दुसऱ्या राज्यात गेली.

त्यानं सुजाताला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ पीठ मळतच राहिली. पीठ मळून कधीच झालं होतं.

"नऊ वर्षांची पोर आपला संसार तोलायलीय," ती शेवटी म्हणाली. "आणि आपण आकडे बघून पेढे खाल्ले."

"साहेबांना सांगितलं तर फेरमोजणी करतील. एक शाळा जाईल."

"जाऊ दे." सुजातानं हात धुतले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "माझी जाऊ दे, नाहीतर तुमची. तुम्ही नाहीतर मी, शनिवारी डोंगर चढून येऊ. लोक परदेशात राहतात, आपण तर डोंगराखाली राहणार. पण पोरीला कळलं ते कळलं म्हणता यावं, एवढं तरी पाहिजे का नको?"

रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली. टकमक्या शाळेत होता, घरी वर पत्रा आणि एक विजेचा दिवा, तोही बंद. सुमेधनं उप्पीला समजावून सांगितलं. आता अंधार आणायचा नाही, ऊन आणायचं नाही. जिथं कळेल तिथं कळू द्यायचं. बाकीच्या पोरांना उद्या आम्हीच सांगू. शाळेचं काय होईल ते होईल, ते काम मोठ्यांचं. उप्पीनं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

सुमेधच्या छातीवरचा दगड जरा सरकला. सुजातालाही बरं वाटलं असावं, कारण तिनं पूर्वीसारखी गंमत काढली. तव्यावरची भाकरी घेतली, तिचे चार सारखे तुकडे केले, एक स्वतःच्या ताटात टाकला.

"ही बघ, पाऊण भाकरी राहिली. यातली अर्धी भाकरी पप्पांनी खाल्ली. आता तुला किती राहिली? सांग बघू."

असल्या हिशोबाला उप्पी एरवी क्षणभरही थांबत नसे. पहिलीत असताना तिनं भाकरीचे असे कितीतरी वाटे पाडून दिले होते. आता तिनं ताटातल्या तुकड्यांकडं बघितलं. मग मान वर करून पत्र्याकडं बघितलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग आईकडं, मग बापाकडं.

"हे कुणाच्यात समजू?" तिनं विचारलं.

सुजाताच्या हातातला तुकडा तसाच राहिला. सुमेधनं आवाज शक्य तेवढा सहज ठेवला.

"कुणाच्यात नाही, बाळा. इथं कुणी मोजत नाही. नुसतं समज."

उप्पीनं पुन्हा भाकरीकडं बघितलं. ती मनापासून प्रयत्न करत होती, हे दोघांनाही दिसत होतं. तिच्या डोळ्यातली बाहुली मोठी झाली आणि मोठीच राहिली.

"नुसतं म्हणजे कुठं?" ती म्हणाली.